लेबलवर शून्य, कार्ट्रिजमध्ये निकोटीन: अमेरिकेतील २००९ च्या तपासणीचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे तेथील एफडीएने, २२ जुलै २००९ रोजी ई-सिगारेटच्या काही कार्ट्रिजच्या, म्हणजे वाफ होणारा द्रव भरलेल्या नळ्यांच्या, रासायनिक तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. तपासलेली कार्ट्रिज ‘स्मोकिंग एव्हरीव्हेअर’ आणि ‘एनजॉय’ या दोन कंपन्यांची होती आणि तपासणी सेंट लुईस येथील औषध विश्लेषण प्रयोगशाळेत झाली होती. लेबलांच्या संदर्भात त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या. निकोटीन नसल्याचे लिहिलेल्या कार्ट्रिजपैकी एक वगळता सर्वांमध्ये थोड्या प्रमाणात निकोटीन सापडले. एकच लेबल असलेल्या तीन कार्ट्रिजमधून दर १०० मिलिलिटरच्या झुरक्यामागे बाहेर पडणारे निकोटीन २६.८ ते ४३.२ मायक्रोग्रॅम इतके वेगवेगळे भरले. आणि ‘जास्त निकोटीन’ अशा वर्गातील एका कार्ट्रिजने धूम्रपान सोडवण्यासाठी मान्यता मिळालेल्या निकोटीन इनहेलरच्या दुपटीइतके निकोटीन दिले.

वृत्तपत्रांनी मात्र उचलली ती चौथीच गोष्ट. एका कार्ट्रिजमध्ये सुमारे १ टक्का डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले होते, आणि ‘ई-सिगारेटमध्ये अँटीफ्रीझ’ (म्हणजे इंजिनातील पाणी गोठू न देणारे द्रव्य) अशा मथळ्यांखाली बाकीचे सर्व झाकले गेले. यात पत्रकारांना फारसा दोष देता येणार नाही. १९३७ मध्ये सल्फानिलामाइड या जंतुसंसर्गावरील औषधाचे द्रावण याच द्रव्यात तयार केल्यामुळे अमेरिकेत शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यातूनच १९३८ चा औषध कायदा झाला. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. ज्या नावामागे असा इतिहास आहे, त्याच्यापुढे ‘लेबलवरचा आकडा चुकला’ ही बातमी फिकीच वाटणार. तरीही या प्रकरणातील टिकाऊ निष्कर्ष लेबलांचाच होता, असे माझे मत आहे. डायएथिलीन ग्लायकॉल एकाच कार्ट्रिजमध्ये सापडले होते. लेबलांचा दोष दोन्ही कंपन्यांपुरता मर्यादित नव्हता आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत तो निरनिराळ्या रूपांत, निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा समोर आला.

तपासणी कोणत्या परिस्थितीत झाली

ही तपासणी शांत वातावरणात झालेली नव्हती. एफडीएने २००८ पासून ई-सिगारेटचा आयात माल बंदरांवर अडवण्यास सुरुवात केली होती, कारण तिच्या मते ही वस्तू म्हणजे मान्यता न घेतलेले औषध आणि ते देणारे उपकरण यांचा संयोग होता. एप्रिल २००९ मध्ये स्मोकिंग एव्हरीव्हेअरने वॉशिंग्टनच्या संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला आणि पुढे एनजॉयची मालक कंपनी सोटेराही त्यात सामील झाली. आपण औषध विकत नसून धूम्रपानाचा पर्याय म्हणून करमणुकीची वस्तू विकतो, असे त्यांचे म्हणणे होते. २२ जून २००९ रोजी तंबाखू नियंत्रणाचा नवा कायदा झाला आणि त्याने एफडीएला तंबाखूजन्य वस्तूंवर अधिकार दिले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, दावा चालू असतानाच, तपासणीचे निष्कर्ष जाहीर झाले. साहजिकच दोन्ही पक्षांनी तो अहवाल दाव्यातील शस्त्र म्हणूनच वाचला.

लेबलाच्या अचूकतेच्या दृष्टीने या दाव्याला फार महत्त्व आहे, जरी त्यात लेबलाचा प्रश्न मुख्य नव्हता. वस्तू औषध ठरली असती, तर उत्पादकाला घोषित मात्रा आणि प्रत्यक्ष मात्रा यांतील फरक ठरलेल्या मर्यादेत ठेवावा लागला असता, प्रत्येक बॅचची चाचणी करावी लागली असती आणि साठवणुकीच्या काळात ती मात्रा टिकते हेही सिद्ध करावे लागले असते. वस्तू तंबाखूजन्य ठरली, तर त्या वेळच्या नियमांत यांपैकी काहीच लागू होत नव्हते. जानेवारी २०१० मध्ये न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी एफडीएच्या विरोधात अंतरिम आदेश दिला. उपचाराचा दावा केलेला नसेल तर ई-सिगारेटवर औषध म्हणून नियंत्रण ठेवता येणार नाही, तंबाखूजन्य वस्तू म्हणून ठेवता येईल, असा निर्णय डिसेंबर २०१० मध्ये अपील न्यायालयाने दिला. पण तंबाखूच्या कायद्यातील अधिकार ई-सिगारेटवर लागू करणारा नियम मे २०१६ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी ८ ऑगस्टपासून अंमलात आला. म्हणजे दोष दिसल्यापासून त्याला हात घालण्याचा अधिकार हाती येईपर्यंत सात वर्षे गेली, आणि बाजार नेमका याच काळात वाढला.

‘शून्य’ म्हणजे काय

लेबलावर ‘निकोटीन नाही’ असे लिहिणे हे सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत कठोर विधान आहे. ‘१८ मिलिग्रॅम’ लिहिलेल्या द्रवात १७ मिलिग्रॅम निघाले, तर उत्पादनातील नेहमीची तफावत म्हणून ते पोटात घालता येते. शून्याला अशी सवलत मिळत नाही. ज्याने निकोटीन मुद्दाम टाळले आहे, ज्याचे व्यसन नुकतेच सुटले आहे किंवा जी स्त्री गरोदर आहे, त्यांच्यासाठी ‘थोडे आहे’ आणि ‘मुळीच नाही’ यांतील अंतर हे केवळ प्रमाणाचे अंतर नसते.

मग या कार्ट्रिजमध्ये निकोटीन आले कोठून? अहवालात सापडलेले प्रमाण कमी होते, ही त्यातील महत्त्वाची खूण आहे. भरलेले कार्ट्रिज चुकून दुसऱ्याच वेष्टनात गेले असते, तर आत पूर्ण मात्रेचे निकोटीन सापडले असते. थोडेसे निकोटीन सापडते, तेव्हा संशय प्रामुख्याने भरण्याच्या यंत्रसामग्रीकडे जातो. आधी निकोटीनचा द्रव भरला, मग टाकी आणि नळ्या नीट न धुता त्याच यंत्रावर शून्याचा द्रव भरला, की पहिल्या द्रवाचा अंश दुसऱ्यात उतरतो. तंबाखूच्या पानापासून काढलेला स्वाद वापरला असेल, तर त्यातूनही निकोटीन येऊ शकते. बहुसंख्य नमुन्यांत अनाबासिन, मायोस्मिन आणि बीटा-निकोटिरिन हे तंबाखूतील सहचर पदार्थ आढळले होते. वापरलेले निकोटीन तंबाखूतूनच काढलेले होते आणि ते पूर्णपणे शुद्ध केलेले नव्हते, एवढे त्यावरून सांगता येते. ते शून्याच्या कार्ट्रिजमध्ये नेमके कोणत्या वाटेने गेले, हे मात्र त्यावरून ठरवता येत नाही.

औषधनिर्मितीत काम केलेल्या वाचकाला यात नवे काहीच वाटणार नाही. एका उत्पादनानंतर दुसरे उत्पादन घेण्याआधी यंत्र स्वच्छ झाले याचा पुरावा ठेवणे, धुतलेल्या पाण्याचा किंवा पृष्ठभागाचा नमुना तपासणे, संवेदनशील उत्पादनासाठी स्वतंत्र लाइन ठेवणे, या गोष्टी तेथे रोजच्या आहेत. ई-सिगारेटच्या सुरुवातीच्या उत्पादकांवर तसे बंधन नव्हते. नियमाची गरज अशी तळाशी होती; लेबलावरची चूक फक्त वर दिसणारी होती.

एकच लेबल, तीन कार्ट्रिज

दुसरा निष्कर्ष जास्त गुंतागुंतीचा आहे आणि तो सावधपणे वाचला पाहिजे. २६.८ आणि ४३.२ यांची तुलना केली, तर सर्वाधिक निकोटीन देणारे कार्ट्रिज सर्वांत कमी देणाऱ्यापेक्षा सुमारे ६० टक्के अधिक देत होते. पण हे आकडे झुरक्यातून बाहेर पडलेल्या निकोटीनचे आहेत, आतल्या द्रवातील प्रमाणाचे नाहीत. द्रव अगदी सारखा असला, तरी तापणारी तार, बॅटरीतील उरलेला भार, द्रव शोषून धरणाऱ्या तंतूंची भिजण्याची अवस्था आणि झुरक्याचा वेग यांमुळे वाफेत जाणारे निकोटीन बदलते. त्या काळच्या कार्ट्रिजमध्ये द्रव तंतूंच्या बोळ्यात मुरवलेला असे. बोळा एका बाजूने कोरडा पडला, की तेच कार्ट्रिज दहाव्या झुरक्याला एक आणि पन्नासाव्या झुरक्याला दुसरे उत्तर देई.

त्यामुळे या निष्कर्षावरून उत्पादकाने द्रव चुकीचा मिसळला असे म्हणणे पुराव्यापलीकडे जाणारे होईल. त्यावरून एवढेच म्हणता येते की लेबलावरचे विधान ग्राहकाच्या शरीरात काय जाणार याविषयी फारसे काही सांगत नव्हते. माझ्या दृष्टीने हे विधान पहिल्यापेक्षा सौम्य नाही. ग्राहक द्रव पीत नाही, वाफ ओढतो. त्याला बाटलीतल्या प्रमाणाशी कर्तव्य असते ते केवळ त्यावरून वाफेचा अंदाज बांधता यावा म्हणून.

तुलनेसाठी घेतलेला निकोटीन इनहेलर येथे फार उपयोगी ठरतो. अमेरिकेत त्या वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या या इनहेलरच्या माहितीपत्रकात सांगितलेले असे की कार्ट्रिजमध्ये १० मिलिग्रॅम निकोटीन आहे, त्यातील ४ मिलिग्रॅम बाहेर पडते आणि सुमारे २ मिलिग्रॅम शरीरात शोषले जाते. आत किती, बाहेर किती आणि अंगी लागले किती, असे हे तीन आकडे आहेत. ई-सिगारेटच्या लेबलावर त्या वेळी अनेकदा एकही आकडा नसे, ‘जास्त’, ‘मध्यम’, ‘कमी’ आणि ‘शून्य’ अशी प्रतवारी असे. तिखटाच्या पाकिटावर ‘मध्यम तिखट’ लिहिलेले चालते. व्यसन लावणाऱ्या द्रव्यासाठी तशी प्रतवारी म्हणजे मोजमाप टाळण्याची सोय होय. ‘जास्त’ हा शब्द कोणत्याही चाचणीत खोटा ठरू शकत नाही, म्हणूनच तो कोणत्याही चाचणीत खराही ठरत नाही.

आक्षेप आणि त्यांचे वजन

एनजॉयने अहवालाचे तांत्रिक परीक्षण करून घेतले आणि ते काही दिवसांतच प्रसिद्ध झाले. नमुने फार थोडे होते, आणि तंबाखूतील कर्करोगजनक नायट्रोसामाइनचे सापडलेले प्रमाण इतके कमी होते की निकोटीनच्या मान्यताप्राप्त उत्पादनांतही तसे प्रमाण आढळते, असे आक्षेप घेतले गेले. नायट्रोसामाइनबाबतचा आक्षेप मला रास्त वाटतो. ‘सापडले’ आणि ‘घातक प्रमाणात सापडले’ यांतील फरक एफडीएच्या निवेदनात ठळकपणे मांडलेला नव्हता आणि प्रमाणाशिवाय विषाचे नाव घेणे हे शास्त्रीय निवेदनाला शोभणारे नाही.

नमुन्यांच्या संख्येचा आक्षेप मात्र कोणत्या निष्कर्षाला लावायचा, यावर त्याचे वजन ठरते. बाजारातील किती टक्के कार्ट्रिजची लेबले चुकीची आहेत, हे इतक्या थोड्या नमुन्यांवरून सांगता येत नव्हते, आणि एफडीएने तसे सांगितलेही नव्हते. पण ‘यात निकोटीन नाही’ हे विधान तपासायला मोठा नमुना लागत नाही. विकायला ठेवलेल्या वस्तूवर ते लिहिले असेल, तर एक उलट उदाहरणसुद्धा ते खोटे पाडते, आणि येथे उलट उदाहरणेच बहुसंख्य होती.

अशा तपासण्या पुढे इतरांनीही केल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० कार्ट्रिज तपासली गेली. त्यांतील ९ कार्ट्रिजमध्ये प्रत्यक्ष निकोटीन घोषित प्रमाणापेक्षा २० टक्क्यांहून अधिक वेगळे होते. त्याच अभ्यासात १६ उत्पादनांच्या वाफेची तुलना केली, तेव्हा ३०० झुरक्यांमध्ये मिळणारे निकोटीन ०.५ मिलिग्रॅमपासून १५.४ मिलिग्रॅमपर्यंत पसरलेले आढळले. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये ‘निकोटीनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या १० द्रवांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि त्यांपैकी ६ मध्ये निकोटीन होते. सेंट लुईसच्या प्रयोगशाळेने दाखवलेला दोष कोण्या एका कारखान्याचा नव्हता, हे यावरून उघड होते.

आकडा खरा असूनही दिशाभूल करतो तेव्हा

पुढील काळात लेबलांवर शब्दांऐवजी आकडे आले, पण त्यांची एकके एकसारखी नव्हती. कोणी दर मिलिलिटरमागे मिलिग्रॅम लिही, कोणी टक्के लिही, आणि ते टक्के वजनाचे की आकारमानाचे हे सांगितलेले नसे. ज्यूल या अमेरिकी ई-सिगारेट कंपनीच्या पॉडवर, म्हणजे द्रव भरलेल्या छोट्या कुपीवर, ५ टक्के लिहिलेले असे. साधा वाचक त्याचा अर्थ मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम असा करील. पण ते ५ टक्के वजनाचे होते, आणि ग्लिसरीनचे प्रमाण मोठे असल्याने हा द्रव पाण्यापेक्षा जड असतो. एका मिलिलिटरचे वजन सुमारे १.१८ ग्रॅम भरते, म्हणून प्रत्यक्षात मिलिलिटरमागे ५९ मिलिग्रॅम निकोटीन होते. लेबल खरे होते. वाचकाच्या डोक्यात पोचलेला आकडा मात्र जवळजवळ एक षष्ठांशाने कमी होता. युरोपात मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा असल्यामुळे याच कंपनीने ब्रिटनमध्ये आणलेला पॉड १.७ टक्क्यांचा होता, आणि त्याच हिशेबाने तो २० मिलिग्रॅमवर बसतो.

निकोटीन क्षारांमुळे, म्हणजे निकोटीनचा आम्लाशी संयोग करून बनवलेल्या पदार्थांमुळे, आणखी एक फाटा फुटला. निकोटीन बेंझोएटच्या वजनात निकोटीनचा वाटा सुमारे ५७ टक्के असतो आणि उरलेले वजन बेंझोइक आम्लाचे असते. मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम हा आकडा शुद्ध निकोटीनचा धरला, तर तो ५० आहे. क्षाराचा धरला, तर निकोटीन साडेअठ्ठावीस मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. लेबलावर हे स्पष्ट नसेल, तर प्रयोगशाळेला तफावत दिसते आणि उत्पादक आपण खरेच लिहिले आहे असे प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

चाचणीची पद्धत एकसारखी नसणे हाही वादाचा मोठा भाग होता. २००९ मध्ये १०० मिलिलिटरचा झुरका धरला होता. नंतर ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयएसओ २०७६८ मध्ये, ५५ मिलिलिटरचा, ३ सेकंदांचा झुरका दर ३० सेकंदांनी घ्यावा असे म्हटले आहे. द्रवातील निकोटीन गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजण्याचे आयएसओ २०७१४ हे मानक २०१९ मध्ये आले. तोवर एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहणे कठीणच होते.

युरोपीय संघाने २०१४ च्या तंबाखू उत्पादन निर्देशात, जो २० मे २०१६ पासून लागू झाला, हा प्रश्न अधिक सरळ हाताळला. त्यात निकोटीनचे कमाल प्रमाण ठरवले, टाकी २ मिलिलिटरची आणि भरण्याची बाटली १० मिलिलिटरची असे आकारमान बांधले, नेहमीच्या वापरात उपकरणाने निकोटीनची मात्रा सातत्याने सारखी द्यावी असे म्हटले, आणि वेष्टनावर निकोटीनचे प्रमाण, दर मात्रेमागे मिळणारे निकोटीन आणि बॅच क्रमांक लिहिणे आवश्यक केले. इनहेलरच्या माहितीपत्रकातील आत-बाहेरची विभागणी येथे निदान तत्त्वतः स्वीकारलेली दिसते.

अंमलबजावणी ही निराळीच गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये एल्फ बार ६०० या डिस्पोजेबल ई-सिगारेटमध्ये २ मिलिलिटरऐवजी सुमारे ३ मिलिलिटर द्रव भरलेला असल्याचे वृत्तपत्रीय तपासणीतून उघडकीस आले. काही बॅचमध्ये जादा द्रव भरला गेल्याचे कंपनीने मान्य केले आणि मोठ्या सुपरमार्केटनी माल शेल्फवरून काढला. मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम हे प्रमाण बरोबर असले, तरी ४० मिलिग्रॅम निकोटीनची समजून घेतलेली वस्तू ६० मिलिग्रॅमची ठरते. केवळ प्रमाण तपासणारी प्रयोगशाळा अशा वस्तूला बिनदिक्कत उत्तीर्ण करील.

अमेरिकेत ऑगस्ट २०१८ पासून वेष्टनावर निकोटीन व्यसन लावते असा इशारा छापणे बंधनकारक झाले. हा इशारा निकोटीन आहे हे सांगतो, किती आहे हे सांगत नाही. तंबाखू उत्पादनांच्या निर्मितीपद्धतीसाठी एफडीएने नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला तो मार्च २०२३ मध्ये, आणि ई-द्रवाच्या लेबलावरील व प्रत्यक्ष निकोटीनच्या प्रमाणातील विसंगती हे त्यामागील एक कारण म्हणून नोंदवले.

भारताच्या कायद्यातील शून्य

भारताने या सगळ्या मोजमापाला वळसा घातला. सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. साठवण वगळता इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. कायद्यातील व्याख्या करणाऱ्यांनी एक गोष्ट विचारपूर्वक केलेली दिसते. निकोटीन असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ निर्माण करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण ई-सिगारेट ठरते. त्यामुळे पुण्यामुंबईत पकडला गेलेला विक्रेता बॉक्सवरचे ‘शून्य टक्के निकोटीन’ दाखवून सुटू शकत नाही, आणि गुन्हा सिद्ध करण्यासाठी सरकारी पक्षाला द्रवातील निकोटीन मोजून दाखवण्याचीही गरज पडत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, चोरट्या मार्गाने आलेल्या अशा बॉक्सवर कोणताही आकडा छापलेला असला, तरी तो खरा आहे की नाही हे बाजारात येण्याआधी तपासून पाहण्याची जबाबदारी भारतात कोणत्याही यंत्रणेवर येत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ती वस्तू बाजारात असूच शकत नाही.